काटा उघडा, पोतं बंद

मिरचीचा हंगाम. दिवसा मी वजनकाट्यावर.
ट्रक येतो, थांबतो, पाटा किंचित दबतो,
लाल आकडे थरथरतात आणि ठरतात.
मी पावती फाडतो. ड्रायव्हर ठसकतो, मी ठसकतो.
नंदुरबारात डिसेंबरमध्ये कुणी कुणाला
बरं नाही का, असं विचारत नाही.

रात्री साडेनऊनंतर
त्याच बोटांनी दुसरं काम.
साबणाने तीनदा धुतली तरी
डोळ्याला लागली की कळतं, दिवस अजून गेलेला नाही.
लॅपटॉपच्या स्पेसबारखाली एक बी अडकलंय गेल्या वर्षीचं,
दोन शब्दांत जागा सोडायची तर
जरा जोर लावावा लागतो.

वैजयंता विचारते, "याना कितला पैसा भेटतस?"
काहीच नही.
"मंग कसाले जागतस?"

कसाले.
मला नीट सांगता येत नाही. सुपडूभाऊला सांगून पाहिलं एकदा,
टपरीवर: दोन माणसं बोलतात, मधल्याला ऐकू जाऊ नये,
एवढंच. कंपनीला नाही, सरकारला नाही,
मला तर नाहीच नाही.
सुपडूभाऊ म्हणाला, "चोरांची सोय करतोस का रे?"
मी म्हटलं, रात्री घराला कडी लावता ना?
"लावतो."
का, आत चोरीचा माल असतो?
तो हसला. चहाचे पैसे मात्र मलाच द्यायला लावले.

आणि कोड सगळा उघड्यावर,
पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीसारखा,
येईल त्याने उलटून बघावा, देठ, बी, डाग.
हे त्याला पटेना. कुलूप करायचं
आणि कुलपाचा नकाशा गावभर वाटायचा?
तेव्हा मी काट्याकडे बोट दाखवलं.
आकडा चौघांना दिसला पाहिजे, भाऊ,
पाट्याखाली काय आहे ते वाकून बघता आलं पाहिजे.
पोतं बंद असलं तरी चालतं.
पोतं ज्याचं त्याचं.

फेब्रुवारीत एक चूक निघाली.
माझ्या किल्ल्या घड्याळावरून बनत होत्या,
म्हणजे वेळ ठाऊक असलेल्याला किल्लीही ओळखता येणार.
दाखवून दिलं ते कुणीतरी, ज्याच्या नावात एकही स्वर नव्हता.
गाव माहीत नाही. तिथे तेव्हा सकाळ होती की रात्र, तेही नाही.
दोन दिवस मला जेवण गेलं नाही.
काटा अर्धा किलो खात होता
आणि मी पावत्या फाडत होतो.
तिसऱ्या रात्री दुरुस्त केलं, वर ठळक लिहिलं:
चूक माझी, जुनं वापरू नका.
लाईट गेलेली. बॅटरी अकरा टक्के.
खाली त्याने लिहिलं, ठीक.
एवढी शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती.

किती लोक वापरतात? माहीत नाही.
मोजायची सोयच ठेवली नाही मी.
दिवसभर मोजणारा माणूस, त्याच्याकडे हे एवढं एक
न मोजलेलं.

काल एक बाई आली काट्यावर, धडगावकडची,
छोटा हत्ती भरून मिरची, सोबत कुणी नाही.
पैसे द्यायला तिने मोबाईलचा पडदा सरकवला.
तिसऱ्या ओळीत, भजनांच्या आणि बँकेच्या मधे
राखाडी चौकोन, त्यात कडी.
ती कडी मीच काढलेली. वाकडी आहे, मला चित्र येत नाही.

कुणाशी बोलत असेल? बहिणीशी,
वकिलाशी, की
मी नजर आकड्यांवर नेली.
"गाडीसकट सोळा क्विंटल चाळीस," म्हटलं.
तिने पुढे वाकून पुन्हा बघितलं, बरोबर आहे का.
बघा, म्हटलं. नीट बघून घ्या.